दोन दारांमधली खतपेटी

मी एक जुनी खतपेटी आहे. मित्रांनो, नाव ऐकूनच तुम्ही नाक मुरडलंत ना? मुरडा. मला त्याची सवय आहे. ज्यांनी मला वर्षानुवर्षं खायला घातलं, तेही माझ्याकडे येताना श्वास रोखून येत आणि जाताना पाठ फिरवून झपाझप जात. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण तुम्ही ऐकली असेल. माझे काही फिटले नाहीत. माझं पोट मात्र कायम भरलेलं असे. इतकं भरलेलं, की आज मला त्या भरलेल्या पोटाचीच लाज वाटते.

जन्माला आले तेव्हा मी पेटी नव्हते. मी किराणा दुकानातली फळी होते, चांगली जाड आणि लांबलचक. या घरच्या आजोबांनी दुकान काढलं तेव्हा त्यांच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये मीच आडवी असे. माझ्यावर तराजू होता, बरण्या होत्या, कागदाच्या पुड्या होत्या. दुकानात गर्दी झाली की आजोबा आपल्या दोन्ही मुलांना उचलून माझ्या टोकावर बसवत. थोरला गप्प बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांवर नजर ठेवी. धाकटा मुठीतले शेंगदाणे समोर येईल त्याच्या हातावर ठेवून रिकामा होई आणि मग थोरल्याच्या मुठीकडे बघत बसे. थोरला थोडा वेळ ताणून धरी, पण शेवटी दोन-चार दाणे देई. तेव्हा देत असे.

पुढे दुकानात काचेचं टेबल आलं. मला मोडीत काढायचं ठरलं. पण आजोबांचा हात काही मोडायला धजेना. त्यांनी मला करवतीने कापलं, मागच्या अंगणात चार खांब रोवले आणि माझ्या तुकड्यांची पेटी ठोकली. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली, म्हणजे वारा खेळता राहील. पुढच्या फळ्या वर सरकवून काढता येत. झाकणाला बिजागऱ्या म्हणून जुन्या टायरचे तुकडे लावले. एका बाजूला दुकान आणि त्याला लागून थोरल्याच्या खोल्या, समोरच्या बाजूला धाकट्याच्या दोन खोल्या, आणि मधल्या अंगणात, भिंतीला टेकून मी. दोन्ही स्वयंपाकघरांची दारं माझ्यावर उघडत.

आजोबांनी मला शिस्तीत वाढवलं. ओला कचरा पडला की त्यावर वाळका पाला पडलाच पाहिजे. नासलेलं दूध, उतरलेलं सरबत, विटलेला भात, बुरशी धरलेला पाव, सगळं चालेल. पण थोडं थोडं आणि पाल्यात मुरवून. मधूनमधून ते दाताळ्याने मला खालीवर करत. थंडीच्या सकाळी झाकण उघडलं की माझ्यातून वाफ निघे आणि आजोबा त्या वाफेवर हात शेकत उभे राहत. आत गांडुळांचा संसार होता. मित्रांनो, तुम्हाला किळस वाटेल, पण पोटात काहीतरी जिवंत वळवळतंय, ही जाणीव फार सुखाची असते.

खाली तयार झालेली माती काळीभोर आणि भुसभुशीत असे. तिला पावसात भिजलेल्या रानासारखा वास येई. अंगणातले भोपळे आणि टोमॅटो तिच्यावर असे माजले, की शेजारीपाजारी ती माती मागायला टोपल्या घेऊन येत. जवळच्या शाळेतल्या बाई एकदा मुलांची रांग घेऊन मला दाखवायला आल्या. मुलांनी नाकं दाबली आणि बाईंनी कौतुक केलं. थोरला तेव्हा दुकानाच्या मागच्या पायरीवर उभा होता. तो अभिमानाने म्हणाला, "आमच्या घरातलं काही वाया जात नाही, बाई." तेव्हा ते खरं होतं.

मग आजोबा गेले.

दुकान दोघा भावांच्या हातात आलं. थोरला गल्ल्यावर बसे, धाकटा माल लावी आणि घरोघर पोचवी. धाकट्याने दाराजवळ एक वेगळं फडताळ केलं होतं. ज्या मालाची तारीख जवळ आली असेल, तो त्या फडताळात ठेवायचा आणि कुणी गरजू दिसला की असाच देऊन टाकायचा. पाव, बिस्किटं, दुधाच्या पिशव्या, फळांच्या रसाचे खोके. थोरल्याला ते बघवत नसे, पण वडिलांच्या माघारी लगेच तोंड कशाला वाजवायचं म्हणून तो गप्प होता. असं गप्प राहणं आत साठत जातं. मला ते चांगलं कळतं. हवा मिळाली नाही की माझ्याही आतलं असंच आंबतं.

एके दिवशी एका बाईने दुकानात येऊन आरडाओरडा केला. धाकट्याने दिलेली बिस्किटं खाऊन तिच्या मुलाचं पोट बिघडलं होतं. बिस्किटांमुळे बिघडलं की आणखी कशामुळे, ते देव जाणे. पण दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं, आणि थोरल्याचा आवाज थेट माझ्यापर्यंत आला.

"बापाचं दुकान आहे हे, अन्नछत्र नाही! उद्यापासून तारीख उलटलेला माल सरळ पेटीत जाईल. एक पुडा इकडेतिकडे जायचा नाही."

"दादा, उलटलेला कुठे होता? दोन दिवस होते अजून."

"मला शिकवू नकोस. दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला अक्कल लागत नाही."

धाकट्याने गोदामाची किल्ली काचेच्या टेबलावर ठेवली. इतकंच म्हणाला, "सांभाळ तुझं." आणि मागच्या दाराने अंगणात आला. थोरला त्याच्यामागे पायरीपर्यंत आला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडला, "जा! उपाशी मरायची वेळ आली की याच दारात येशील. आलास, मागितलंस, तर देईन. पण मागायला यावं लागेल!"

धाकट्याने मागे वळून पाहिलं नाही. "मरेन," तो म्हणाला, "पण मागणार नाही."

मित्रांनो, ही दोन वाक्यं नीट ध्यानात ठेवा. पुढे माझ्या पोटात जे जे अन्न आलं, ते सगळं या दोन वाक्यांच्या मधून आलं.

त्या दिवसापासून माझा आहार वाढला. थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, रोज टोपली भरून आणी. ती वाईट नव्हती. हाताने कष्टाळू आणि बोलायला कमी होती. नवऱ्याच्या शब्दाबाहेर जायची तिला सवय नव्हती, एवढंच. पाव असत, अगदी न उघडलेले. दह्याचे डबे असत. डाग पडलेली सफरचंदं, ज्यांचा डाग काढला तर बाकी फळ खडीसाखरेसारखं. रसाचे खोके ती कात्रीने कापी आणि माझ्यावर ओती. दूध ओती. पाला टाकायला कुणी उरलं नव्हतं. मी खात राहिले. पेटीला नको म्हणता येत नाही.

समोरच्या दारातून धाकटी येई. ती धाकट्याची बायको. तोंडाने फटकळ, हसायला मोकळी. आधी तिचीही बादली बऱ्यापैकी भरलेली असे. धाकट्याला एका बेकरीत पिठाची पोती वाहायचं काम मिळालं होतं. मग एकदा पोतं उचलताना त्याची पाठ धरली. तो कमरेला पट्टा बांधून घरी बसला. बेकरीवाल्याने चार दिवस वाट पाहिली आणि दुसरा माणूस ठेवला.

कुणी मला काही सांगितलं नाही. मला बादलीवरून कळत गेलं. बटाट्याची सालं पातळ झाली. मग सालं यायचीच बंद झाली, कारण बटाटे सालासकट शिजू लागले. चहाचा चोथा आधी काळा असे. मग तो तपकिरी झाला, मग इतका फिका की एकच पावडर किती वेळा उकळली असेल कोण जाणे. भाताचं शीत येईना. मग धाकटी रिकामी बादली विसळून तेवढं पाणी माझ्यावर ओतू लागली. बादली घेऊन बाहेर आली नाही तर समोरच्यांना कळेल, म्हणून ती बाहेर येत असे. अब्रू झाकायला माणूस काय काय करतं!

एका दुपारी दुकान जेवणासाठी बंद होतं आणि थोरली आत आडवी झाली होती. धाकटी आली. तिने बादली खाली ठेवली, झाकण उघडलं आणि कितीतरी वेळ आत बघत राहिली. सगळ्यात वर पावाचा पुडा होता, बंद, कोरा. तारीख आदल्या दिवशीची. तिने समोरच्या दाराकडे पाहिलं. मग पुडा उचलला, हाताने पुसला, बादलीत ठेवला आणि वर एक फडकं टाकलं. मला वाटलं, पेटी झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या पोटातून कुणाला थेट काही खायला मिळालं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी मनात म्हटलं, घे बाई, अजून घे, तो डबाही घे.

त्यानंतर ती मधूनमधून येऊ लागली. बंद असेल तेवढंच घेई. उघड्याला कधी हात लावला नाही. नवऱ्याला सांगितलं नसणार. तो एकदा दारातून मोठ्याने विचारताना मी ऐकलं, "पाव कुठून आणलास?"

"शेजारच्या बाईंचं शिवणकाम केलं, त्यांनी दिला," ती म्हणाली. आणि हसली. तिचं ते हसू मला बघवलं नाही.

त्यांची एक मुलगी होती. सगळे तिला चिमी म्हणत. मोठ्यांचं बोलणं बंद झालं तरी पोरीचं झालं नव्हतं. ती दोन्ही दारांतून ये-जा करी आणि थोरलीला मोठी आई म्हणे. एका सकाळी थोरली टोपली घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा चिमी तिथेच चिखलात घरं करत बसली होती. तिने टोपलीत डोकावून पाहिलं.

"मोठी आई, आज गोल पाव आहेत का? ते खूप मऊ असतात."

"तुला काय माहीत?"

"आई आणते की. तू इथे ठेवतेस ना आमच्यासाठी?"

थोरली टोपली हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. राग नव्हता. कुणीतरी अंगावर गार पाणी ओतावं तशी ती दिसत होती. तिने त्या दिवशी टोपलीतला माल माझ्यात ओतला नाही. एकेक पुडा वर, नीट रचून ठेवला.

ती एवढ्यावर थांबली असती तर माझी गोष्ट वेगळी झाली असती. पण तिला नवऱ्यापासून काही लपवून ठेवता येत नसे. जेवताना तिने सांगून टाकलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"घेत असतील तर घेऊ द्या ना," ती म्हणाली. "नाहीतरी मातीतच जातंय."

"घ्यायचं असेल तर समोरून येऊन घे म्हणावं! मी काय नाही म्हणालोय? एक शब्द टाक म्हणावं त्याला. पाठीमागून, माझ्या कचऱ्यातून कशाला?"

"त्यांना माहीतच नसेल. ती नेत असेल."

"आणि उद्या त्या पोरीचं पोट बिघडलं, म्हणजे? कुणाच्या नावाने बोंब मारतील? गेल्या वेळी एकीने ऐकवलं तेवढं पुरे नाही झालं? उद्यापासून वर फिनेल ओत."

"अहो, अन्नावर?"

"अन्न नाही ते. कचरा आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः दुकानातून बाटली आणून पायरीवर ठेवली. थोरलीने टोपली माझ्यात रिकामी केली. बाटली हातात घेतली, परत खाली ठेवली, पुन्हा उचलली. नवरा पायरीवर उभा होता. मग तिने पावांचे पुडे फाडले आणि त्यांच्यावर फिनेल ओतलं. पांढरं पाणी पावांत मुरलं, फटींतून खाली उतरलं आणि माझ्या लाकडाला झोंबलं.

दुपारी धाकटी आली. झाकण उघडताच वास तिच्या तोंडावर आला. ती आधी एक पाऊल मागे सरकली. मग वाकून पुन्हा बघितलं. फाडलेले पुडे, भिजून फुगलेले पाव. तिला सगळं कळलं. तिने मान वर केली, तेव्हा थोरली खिडकीत उभी होती. तीही कदाचित हेच बघायला थांबली होती, किंवा काही सांगायला.

मला वाटलं, आता धाकटीच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती अगदी हळू बोलली.

"ताई, तोंडाने सांगायचं होतंत. मी परत हात लावला नसता."

थोरलीने खिडकी लावून घेतली. धाकटीने माझं झाकण जपून खाली केलं, आवाज होऊ न देता, आणि रिकामी बादली घेऊन गेली.

फिनेल मात्र ओतायचं थांबलं नाही. एकदा सुरू झालेलं थांबवायला कुणीतरी बोलावं लागतं, आणि त्या घरात कुणी बोलत नव्हतं. मित्रांनो, माझी गांडुळं आधी खाली गेली. खालीही झोंबू लागलं तेव्हा ती फळ्यांवरून वर चढली, फटींतून बाहेर लोंबली आणि तिथेच वाळली. पक्ष्यांनीही त्यांना चोच लावली नाही. माझ्यातली ऊब गेली. अन्न पडे ते तसंच पडून राही, काळं-हिरवं, बुळबुळीत. माश्या घोंघावू लागल्या. ज्या शेजाऱ्यांनी टोपल्या भरून माझी माती नेली होती, तेच आता दुकानात येऊन म्हणू लागले, "अहो, त्या घाणीचं काहीतरी करा. खिडक्या उघडायची सोय राहिली नाही." मी मनात म्हटलं, घाण माझी नव्हे. पण वास माझ्यातूनच येत होता, हे खरं.

धाकट्याला अखेर दूरच्या गावी एका वखारीत राखणदाराची नोकरी मिळाली. बसून करायचं काम. घर सोडायचं ठरलं. एका सकाळी दारात टेम्पो आला. सामान थोडंच होतं. कमरेला पट्टा बांधलेला धाकटा एका हाताने भिंत धरून उभा राहिला आणि धाकटीने एकटीने गाद्या आणि भांडी चढवली. थोरला दुकानाच्या मागच्या दारात फडकं घेऊन उभा होता. तो दाराची काच पुसत होता. स्वच्छ असलेली काच तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

धाकटा त्याच्यासमोरून गेला. दोघांच्या मध्ये हातभर अंतर असेल. कुणीतरी एकाने खोकलावं, नाक शिंकरावं, काहीही करावं, असं मला वाटलं. दोघांनीही आपापलं तोंड फिरवलं.

चिमी मात्र टेम्पोत चढताना ओरडली, "मोठे बाबा, येते हं मी!"

थोरल्याचा हात वर झाला. फडक्यासकट अर्ध्यापर्यंत गेला. मग त्याने तो खाली आणला आणि काच पुसू लागला. टेम्पो वळला. थोरली दाराआडून बघत होती. तिने मागून पिशवी आणली होती, कागदात गुंडाळलेलं काहीतरी भरलेली. ती द्यायची राहूनच गेली.

आता समोरच्या दाराला कुलूप आहे. दुकानातला तारीख उलटलेला माल काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत जातो. तो कुठे जातो, त्याचं काय होतं, कुणी विचारत नाही. माझ्या दोन फळ्या कुजून गळल्या आहेत. झाकण वाऱ्यावर आपटतं. माझ्या मुळाशी गवतही नीट उगवत नाही.

तुम्हाला वाटेल, काळ गेला की माणसं मऊ होतात. होतातही. पण तोवर समोर कुणी उरत नाही. परवाच्या एका दुपारची गोष्ट सांगते. थोरली झाकलेलं पातेलं घेऊन बाहेर आली. तिने कधी नव्हे ते अंगण ओलांडलं आणि समोरच्या दारापुढे जाऊन उभी राहिली. कुलूप तिला दिसत नव्हतं असं नाही. तरी तिने कडी वाजवली. हळू, दोनदा. थोडा वेळ थांबली. मग तिसऱ्यांदा वाजवली नाही.

परत फिरताना ती माझ्यापाशी आली. पातेल्यावरचं झाकण काढलं. आत भात होता, नुकताच उतरवलेला, वाफाळता. वर भाजी. चार माणसं पोटभर जेवतील एवढं अन्न. इतक्या वर्षांत माझ्यात गरम अन्न कधी पडलं नव्हतं. तिने ते माझ्यात पालथं केलं आणि पातेलं काठावर आपटून रिकामं केलं. दुकानातून नवऱ्याची हाक आली, "काय टाकतेयस गं?"

"उरलेलं," ती म्हणाली.

ते उरलेलं नव्हतं. त्यातला एक घासही कुणी खाल्ला नव्हता. ती गेल्यावर वाफ बराच वेळ निघत राहिली आणि मग अन्न निवलं. माझ्यात आता त्याची माती करणारं कुणी नाही. ते तसंच पडून आहे.

मित्रांनो, मोठी माणसं तुम्हाला सांगतील, उरलंसुरलं पेटीत टाका, त्याचं खत होतं. त्यांचं खरं आहे. सालं टाका, देठ टाका, चोथा टाका, खरोखर नासलेलं असेल ते टाका, आणि वर पाला टाकायला विसरू नका. पण हातातल्या ताटात कुणाचं तरी जेवण असेल, तर माझं झाकण उघडू नका. समोरचं दार वाजवा. त्याने मागितलं नाही, तुम्ही बोलला नाहीत, कोण चुकलं, हे सगळं नंतर बघा. आधी ताट द्या. मी रिकामी राहीन. पेटी उपाशी मरत नाही.